रूट सिक्स्टी-सिक्सवरची वरात

व्हर्ना पासष्टाव्या वर्षी दुसऱ्यांदा नवरी झाली. ओपल आणि मॅक्सिन या मैत्रिणी तिला ओपलच्या आजोबांच्या जुनाट मोटारीतून रूट सिक्स्टी-सिक्स या जुन्या अमेरिकी महामार्गाने लग्नाला नेत होत्या. नवरदेव डेलबर्ट ॲरिझोनातल्या खिंडीच्या माथ्यावर वाट बघत होता. शेवटच्या चढावर इंजिन बंद पडलं. “चढावर टाकी इंजिनाच्या खाली जाते, पेट्रोल पोचत नाही,” ओपल म्हणाली. “आजोबा गाडी उलटी चढवायचे.” “मग चढव की, बये!” नवरी ओरडली. तिघींनी ग्रीसने हात माखत गाडी ढकलून फिरवली. तोंड उताराकडे होताच इंजिन धडधडलं. मॅक्सिन मागे बघून वळणं सांगू लागली, नवरी खिदळत होती. माथ्यावर डेलबर्ट घामाघूम उभा होता. “गाडी वळलेली दिसली. वाटलं, परत निघालीस!” व्हर्नाने ग्रीसने माखलेले हात त्याच्या गालांवर ठेवले. “वेड्या, तोंड काळं करायचं असतं तर उतार होताच की! हात काळे केले ते तुझ्यापाशी यायला.”