दोन जीबीची वेसण

कॉम्प्युटर तिसऱ्यांदा हँग झाला आणि संपादक नाना बिवलकरांनी कपाळाला हात लावला. दिवाळी अंक संध्याकाळपर्यंत छापखान्यात पोचायला हवा होता, आणि पानं जुळवणारा प्रोग्राम सगळी मेमरी खाऊन मशीनलाच लोळवत होता.

"कविताच फार झाल्यात," नाना म्हणाले. "उडव त्यातल्या दोन-चार!"

शलाकाने कीबोर्ड पुढे ओढला. अंकाची पानं ती लावायची, आणि वगळलेल्या कवींचे फोन नाना तिच्याच हातात द्यायचे. तिने स्क्रीनवर कमांड टाइप करायची काळी खिडकी उघडली आणि प्रोग्राम सुरू करायच्या ओळीतच अट टाइप केली: दोन जीबीच्या वर मेमरी मिळणार नाही.

"अगं, उपाशी ठेवून तो काम करेल का?"

"नाही करणार, नाना. पण मशीनला न लोळवता, कुठे अडलं ते सांगून थांबेल."

तसंच झालं. स्क्रीनवर ओळ उमटली: मेमरी संपली, पान तीन, संपादकीय.

त्या पानावर नानांचा फोटो होता. छापायचा अंगठ्याएवढा, पण सकाळी नानांनी स्वतःच्या हाताने तिथे एकसष्टीच्या फ्लेक्सची अख्खी फाइल चिकटवली होती.

"कविता राहू देत," नाना चष्मा पुसत म्हणाले.

शलाकाने फोटो लहान केला आणि चहा यायच्या आत अंक जुळला. नाना एकदम खुलले. "झकास! पुढच्या वर्षी माझ्या संपादकीयालाही अशीच अट घाल."

"यंदापासूनच घालू?" शलाकाने विचारलं.

संपादकीय अकरा पानांचं होतं.