विकायचं बटण

नरहररावांचा उजवा हात थरथरायचा. कंपवात आहे, मेंदूतल्या प्रोटीनची घडी चुकली, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा नरहररावांनी बूढापारा मोहल्ल्यातल्या घराच्या स्लॅबसाठी ठेवलेला पैसा याच रोगाचं औषध शोधणाऱ्या कंपनीच्या शेअरात टाकला. आज शेअर धडाधड पडत होता. हिंदीतच वाढलेल्या मुलाचा शंकर नगरातून फोनवर फोन, "बाबा, बाजार बंद होने से पहले बेच दो." नरहररावांनी मोबाइलवर विकायच्या बटणाकडे बोट नेलं, तेवढ्यात व्याह्यांचा व्हिडिओ कॉल आला अन् बोटानं तोच उचलला. बनियानवरच रामराम झाला. "आणा इकडे," गोदावरीबाई वैतागल्या, "सकाळपासून सांगून राहिली, विका म्हणून." त्यांनी नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं. बोट नेमकं खरेदीच्या बटणावर टेकलं अन् उरलासुरला पैसाही त्याच शेअरात गेला. "हात थरथरला गोदे." "तुमचा कुठं, माहा थरथरला. साऱ्यांनीच विकलं तं तुमचं औषध कोन बनवन?"