जर्मनीतली पुढची गल्ली

"पप्पा, आज डावीकडं वळा. तिकडं आपण गेलोच न्हाई."

धम्मदीप डावीकडे वळला. रात्रपाळी करून जेमतेम डोळा लागला होता, पाय भरून आले होते. पण अमृताचा हुकूम म्हणजे हुकूम. त्याने जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि मोबाईल पुढे धरला. दगडी फरशीची गल्ली, दोन्ही बाजूंना उतरत्या छपरांची घरं, खिडक्यांत कुंड्या, काळे लोखंडी दिवे. पलीकडे सगळं धुकं.

अमृता सहा वर्षांची. शाळा सुटली की आठवड्यातून एकदा ती मळवलीच्या घरी ओट्यावर बसायची आणि व्हिडिओ कॉलवर बापाबरोबर जर्मनी फिरायची. कारंजं, लाल दाराचं घर, बदकांचं तळं, तिला सगळं पाठ झालं होतं.

"तिकडं किती वाजलं?"

धम्मदीपने घड्याळ बघितलं, मनातल्या मनात हिशेब केला. "दुपार हाय अजून."

"माणसं कुटं गेली?"

"कामाला. शनिवार-रविवारी बघ, नुसती जत्रा असती."

समोरून एक बाई कुत्र्याला घेऊन आली. धम्मदीप फोन खाली करून भिंतीला चिकटून उभा राहिला, मान लववली आणि ती लांब जाईपर्यंत बोलला नाही.

"गोरी होती का?"

"लय गोरी."

तेवढ्यात रुपालीने लेकीच्या हातातून फोन घेतला. "आवाज दमलेला वाटतोय तुमचा."

"थंडी हाय गं."

"कसंबी करून टिकून राहा. गावातल्या त्या संदेशला तुमच्याच एजंटानं पैसे खाऊन विमानतळावरनंच माघारी धाडलं, तर पोरं अजून त्याला फॉरेन रिटर्न म्हणून चिडवत्यात. बिचारा घराबाहेर पडत न्हाई. तुमचं नशीब चांगलं. आबा तर गावभर छाती काढून हिंडत्यात. तुमच्या अभिनंदनाचा फ्लेक्स अजून दारावर हाय. पावसानं खराब होईल म्हणून वर प्लास्टिक टाकलंय त्यांनी."

धम्मदीप हं म्हणाला. फ्लेक्सवरचा तो फेटा बांधलेला स्वतःचा फोटो त्याला नकोसा झाला होता. खरं तर सगळ्याचाच वीट आला होता. पण आबांनी, म्हणजे त्याच्या बापाने, रेल्वेत गँगमन म्हणून जन्म काढला होता, सदा खाली मान घालून. म्हातारपणी ती मान वर झाली होती, ती पुन्हा खाली कोण घालणार?

"घ्या, तुमची साहेबीण हात ओढतीय," म्हणत रुपाली भाकरी करायला आत गेली.

"थांबा पप्पा, गाडी."

रुळांलगतच्या घरांची ही रीतच. गाडी आली की बोलणं आहे तिथे ठेवायचं, गेली की उचलायचं. फोनमधून भोंगा आला, फाटका, घोगरा, आणि डबे धडधडत लोणावळ्याकडे गेले.

"इंजिनाचा घसा बसलाय आज," अमृता म्हणाली. भोंग्यावरून इंजिन ओळखायला आबांनी शिकवलं होतं तिला.

"हळद घालून दूध पी म्हणावं त्याला."

ती हसली. "तुमच्याकडं न्हाई का गाडी?"

"हाय ना. पण लय लांब हाय."

मग ते लाल दाराच्या घरापाशी थांबले, तळ्याला वळसा घातला. बदकं काठावर गुमान बसली होती. धम्मदीपही बाकावर टेकला.

"दिवाळीला येणार?"

"बघतो. सायेब रजा देत न्हाई."

"गेल्या दिवाळीलाबी असंच म्हणालता."

पोरगी खरंच बोलत होती. त्याला एकदा तिला उचलून खांद्यावर घ्यायचं होतं, बस्स, बाकी काही नको होतं. तो बदकांकडे बघत राहिला.

धुक्यात मागे कुठेतरी भोंगा वाजला. फाटका, घोगरा.

धम्मदीपने फोन छातीशी दाबला, पण तोवर उशीर झाला होता. पुन्हा समोर धरला तेव्हा पडद्यावर अमृताचे नुसते ओठ दिसत होते, इतका तिने फोन तोंडाजवळ घेतला होता. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"दर वेळी येतो तो भोंगा," ती कुजबुजली. "हितनं गाडी गेली की थोड्या वेळानं तुमच्याकडं पोचती. लोणावळ्याला. मी आबांना न्हाई सांगितलं. मम्मीलाबी न्हाई."

धम्मदीपचा हात आपसूक जॅकेटच्या चेनकडे गेला; आत वॉचमनचा गणवेश होता, त्यावर रिसॉर्टचं नाव.

"चला ना पप्पा," अमृता मोठ्याने म्हणाली, आत चुलीपर्यंत ऐकू जाईल असं. "जर्मनीतली पुढची गल्ली दाखवा."