चर्चच्या पायरीवरचा सल्ला

"बर्फाच्या उभ्या चढाला माझ्या स्नोमोबाइलचं नाक वर उठतं रे. तुझी टर्बो गाडी कशी सरसर जाते?" रविवारी चर्चच्या पायरीवर कोल्बीनं विचारलं.

सस्पेन्शनचा पुढचा पट्टा आवळला की नाक खाली राहतं आणि ढिला सोडला की गाडी उलटते, हे रॉलिनला पक्कं ठाऊक होतं. पण डोंगराच्या माथ्यावर आपल्याशिवाय दुसरं कुणी पोचायला त्याला नको होतं.

"पट्टा पार ढिला सोड बाबा," तो म्हणाला.

आज माथ्यावर गाडीखाली रॉलिनचा पाय अडकला आणि वरून घसरलेला बर्फ छातीपर्यंत आला. मदतीची एक हाक गेली आणि वॉकीटॉकीचं बोलायचं बटण गोठलं; आता कोल्बीचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

"धीर धर, भावा! चढाला लागलोच मी. पट्टा तू म्हणालास तस्सा, पार ढिला सोडलाय!"