दुपारची मध्यरात्र

फोर्तुनाने खिडक्यांचे जाड पडदे ओढले, मेणबत्त्या पेटवल्या आणि टेबलाभोवती बसलेल्या पाहुण्यांना सांगितलं, "चला, मध्यरात्र झाली. बाळयेशूला आणते." ती आतल्या खोलीत गेली. बाहेर गल्लीत दुपारचं ऊन पडलं होतं.

पाहुणे म्हणजे मिलानहून बसने आलेली सहलीची मंडळी. त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत 'नेपल्सचा घरगुती नाताळ' छापलेला होता. रात्री बस पुढच्या गावी जायची, म्हणून नाताळची रात्र त्यांना दुपारीच उरकून हवी होती. डिसेंबर लागल्यापासून या घरात बाळयेशू रोज जेवणानंतर जन्माला येत होता.

मंडळींना घेऊन येणारी गाईड मारिनेल्ला याच गावात वाढलेली. तिला या सगळ्याची शिसारी आली होती. एकाने गव्हाणीच्या देखाव्यातल्या मेंढपाळाला फोन टेकवून उभा केला होता. दुसऱ्याने ऑलिव्हच्या चघळलेल्या बिया गव्हाणीतल्या गवतात खोचून ठेवल्या होत्या. बाळाला निजवायचं ते याच गवतावर.

पण सगळ्यात किळसवाणं होतं ते आजोबांचं रडणं. फोर्तुनाचे वडील आनिएल्लो आजोबा, त्यांचे डोळे पार गेलेले. "बाबांना कालचं आज आठवत नाही," फोर्तुना सांगायची, "त्यांना रोज आजच नाताळची रात्र वाटते." घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्याने बाळाचा मुका घेऊन त्याला गव्हाणीत ठेवायचं, ही त्या घरची रीत. आजोबा ते मातीचं बाळ ओंजळीत घ्यायचे, त्याच्या पायांना ओठ लावायचे आणि हमसून हमसून रडायचे. मग सगळ्यांचे फोन वर व्हायचे.

परवा तर कहर झाला. फरचा कोट घातलेली एक बाई म्हणाली, "अहो, माझा फोनच बंद पडला. त्यांना पुन्हा रडायला सांगा ना." मारिनेल्लाला वाटलं, फोर्तुना हिला आता दाराबाहेर काढेल. फोर्तुनाने बाळ उचललं आणि आंधळ्या बापाच्या हातात दिलं. "बाबा, पडलं हो बाळ. पुन्हा ठेवा." आजोबा पुन्हा रडले. बाईला हवं ते मिळालं.

आज तर खरोखरची चोवीस तारीख. एरवी जिना चढताना खालच्या रोझारियाच्या मांसाच्या रश्श्याचा वास यायचा. आज दर मजल्यावर खारवलेला मासा तळला जात होता, वाम शिजत होती. मारिनेल्लाने जिन्यातच ठरवलं होतं, निदान आज तरी या म्हाताऱ्याला कुणीतरी खरं सांगायला हवं. पुढचं पुढे.

ती आजोबांच्या खुर्चीशी वाकली. "आजोबा, ऐका. मध्यरात्र वगैरे काही नाही. बाहेर ऊन आहे. तुम्हाला इथे रोज फसवतात. मीही त्यातलीच."

आजोबांनी तिचं मनगट चाचपून धरलं. "हळू बोल, पोरी. फोर्तुना ऐकेल."

"ऐकू दे."

"अगं, मी आंधळा आहे, पण नाक शाबूत आहे माझं. ती खालची रोझारिया महिनाभर, अगदी कालपर्यंत, रोज मांसाचा रस्सा उकळत होती. नाताळच्या आदल्या दिवशी ती नवऱ्याला उपाशी मारेल, पण घरात मांस शिजवणार नाही."

मारिनेल्लाने विचारलं, "आणि परवा? बाळ पडलं म्हणाली तेव्हा?"

"मातीचं आहे ते. पडलं असतं तर वाजलं नसतं?"

"म्हणजे सगळं कळून रडता तुम्ही?" आता तिला आजोबांचीही किळस आली. आपला हात सोडवून घ्यावासा वाटला. "या लोकांपुढे? कशासाठी?"

"मग काय फोर्तुनाने तळलेला मासा खायला येतात होय मिलानवाले?" आजोबा टेबलाच्या दिशेने हसले. पाहुण्यांपैकी दोघांनी हसून हात हलवले. "मी रडायचा थांबलो, की ही मंडळी दुसऱ्या घरी जातील. मग माझी पोरगी निघाली जर्मनीला, भावासारखी, हॉटेलात भांडी घासायला. तो गेला तो गेलाच. हिला वाटतं बाबांना काही कळत नाही. वाटू दे. मला कळतं हे तिला समजलं, तर एक दिवसही तिला हे जमायचं नाही. तेवढं निर्ढावलेलं नाही माझं लेकरू."

मारिनेल्लाने हात सोडवला नाही. समोर एक माणूस दातात अडकलेला माशाचा काटा नखाने काढत होता आणि दुसऱ्या हाताने फोन पुसत होता. ती शेजारच्या गव्हाणीकडे वळली आणि मोकळ्या हाताने गवतातल्या ओलसर बिया एकेक करून वेचू लागली.

आतलं दार उघडलं. पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन फोर्तुना बाहेर आली. "बाबा," ती लाडीगोडीने म्हणाली, "मध्यरात्र झाली हं."

"झाली का? अरेच्चा, कळलंच नाही मला." आजोबांनी ओंजळ पुढे केली. फोन वर झाले. बाळ हातात पडायच्या आधी त्यांनी मारिनेल्लाच्या बाजूला मान कलवली आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले,

"आज थोडंच रडतो हं, पोरी. रात्रीसाठी ठेवायला हवं."