थापीचा नमस्कार

यंत्रांनी गवंड्यांची कामं घेतली, तेव्हा सरकारनं भत्ता देऊन नवं काम शिकवायचं केंद्र काढलं. तिथं मोतीरामच्या उजव्या हातात तारा जोडलेला हातमोजा चढवत आणि दिवसभर एकाच भिंतीला गिलावा करायला लावत. संध्याकाळी तो खरवडून टाकत.

"मॅडम, गिलावा तर मी जन्मभर केला. यात नवं काय?" त्यानं केंद्रातल्या बाईंना विचारलं.

"काका, हाताची चाचणी आहे ही. त्यावरूनच तुमची नोकरी ठरणार."

मोतीरामच्या मनात पाल चुकचुकली. पदरचे पैसे घालून कोण रोज तीच भिंत करून घेतं? तरी त्यानं बापाच्या रीतीप्रमाणे थापी कपाळाला लावली आणि कामाला हात घातला.

महिन्याभरानं घरी जाताना तो नाक्यावरच्या नव्या इमारतीपाशी थबकला. आत एक यंत्र गिलावा सुरू करत होतं. त्याला नुसता खांदा आणि हात होता, डोकं नव्हतंच. यंत्रानं थापी उचलली, खांद्याच्या वर रिकाम्या हवेत नेऊन अलगद टेकवली आणि मगच भिंतीवर पहिला हात मारला.

मोतीरामनं आपलं कपाळ चाचपून पाहिलं.