दोरीवरच्या साड्या

शिवतेजच्या हट्टापायी अंकितानं कपाट रिकामं केलं. "सामान कमी, की जीव हलका," असं तो सारखा म्हणायचा. घालायपुरतं ठेवून बाकीच्या साड्या तिनं गरिबांना वाटायला त्याच्याच गाडीत भरून दिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती इस्लामपुरातल्या त्यांच्या घराच्या गच्चीवर गेली, तर त्याच साड्या दोरीवर वाळत होत्या. पदरांतून पाणी ठिबकत होतं.

जाब विचारायला ती जिना उतरू लागली आणि मधल्याच पायरीवर थबकली. खाली स्वयंपाकघरात शिवतेज कुणाशी तरी लाडानं बोलत होता.

"आता झालं न्हवं तुझ्या मनासारखं?"

"व्हय," उत्तर आलं. आवाज अंकिताचाच होता. "पण वरती ती अजून हाय की."

"तिलाबी उद्या देऊन टाकतो," शिवतेज म्हणाला.